तोंडाला फेस आणणारा 'फेस': चिनी विद्यार्थी आणि एका इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात संध्याकाळचे साडेसहा वाजले की चीनमध्ये रात्रीचे नऊ झालेले असतात. जेवणं उरकून, पोरांना झोपवून माझे विद्यार्थी तेव्हा स्क्रीनसमोर येऊन बसतात. सगळी मोठी माणसं. जुलै २०२१ मध्ये चीनने खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणले, परदेशात बसून तिथल्या शाळकरी मुलांना शिकवणं बंद झालं आणि माझ्यासारख्यांकडे उरले ते नोकरदार. त्यांना इंग्रजी शिकवताना सगळ्यांत जास्त वेळ कुठल्या शब्दाने खाल्ला असेल तर तो 'फेस'. त्याबद्दल कधीतरी चार ओळी लिहिल्या, तेव्हापासून प्रश्न येतच राहिले. विचारणारे कोण? हाच उद्योग करणारे मराठी शिक्षक, शांघाय-शेंझेनला नोकरीसाठी गेलेली मंडळी, हौसेने चिनी शिकणारी कॉलेजची मुलं. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत.

चिनी शब्द कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिला की 'डी' दिसतो तिथे आपला 'त' ऐकू येतो आणि 'टी' दिसतो तिथे 'थ'. त-थ, क-ख हा फरक मराठी कानाला न शिकवता कळतो. इंग्रजाला तो शिकावा लागतो, तेवढं एक सुख. सुरांचे चढउतार मात्र लिहून दाखवता येत नाहीत.

१. 'फेस' म्हणजे चेहरा. यात शिकवण्यासारखं काय आहे?

शब्दशः अर्थात काहीच नाही. चिनी मुलं साधारण तिसरीपासून शाळेत इंग्रजी शिकतात आणि 'फेस' म्हणजे 'ल्येन' हे तेव्हाच पाठ होतं. अडचण त्या पाठांतरातच आहे. परीक्षांच्या शब्दयाद्यांत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे चिनी अर्थ, आणि ती जोडी डोक्यात सिमेंटसारखी बसते. मग विद्यार्थी समजून चालतो की जिथे 'ल्येन' तिथे 'फेस'.

लाक्षणिक प्रयोगांत हे गणित मोडतं. काही प्रयोग दोन्ही भाषांत जुळतात, त्यांची चिंता नको. काही फक्त इंग्रजीत आहेत. ते अनोळखी दिसतात, म्हणून विद्यार्थी निदान थांबून विचारतो. पण काही प्रयोग दिसायला जुळे आणि अर्थाने परके आहेत, आणि तिथे त्याला शंकाच येत नाही. तो पूर्ण आत्मविश्वासाने चुकतो. माझा निम्मा वेळ या तिसऱ्या जातीच्या प्रयोगांवर जातो आणि हे पानही बरंचसं त्यांच्याबद्दलच आहे.

२. कुणी चेहऱ्याला 'ल्येन' म्हणतं, कुणी 'म्येन्त्स'. नेमका शब्द कोणता?

हाडामांसाचा चेहरा म्हणजे 'ल्येन'. आंघोळ करताना धुता तो ल्येन, आरशात दिसतो तो ल्येन. 'म्येन' हा जुना शब्द आहे. आजच्या बोलीत तो एकटा फारसा येत नाही, जोडशब्दांत येतो: पृष्ठभाग, बाजू, समोरचा भाग अशा अर्थांनी. त्याला 'त्स' हा प्रत्यय लागला ('चमचा'तला च म्हणा, साधारण तोच उच्चार) की 'म्येन्त्स' होतो आणि मग चेहऱ्याचं कातडं बाजूला राहून फक्त प्रतिष्ठा उरते. म्येन्त्स धुता येत नाही.

गंमत अशी की ल्येनलाही लाक्षणिक अर्थ आहे आणि तो म्येन्त्सपेक्षा जड आहे. हू श्येन-चिन या चिनी मानववंशशास्त्रज्ञांनी १९४४ साली एका अमेरिकन मानववंशशास्त्रीय नियतकालिकात हा फरक नीट मांडला: म्येन्त्स म्हणजे माणसाने यशाने, पदाने, दिखाव्याने मिळवलेली पत, आणि ल्येन म्हणजे त्याच्या सचोटीवर समाजाने ठेवलेला विश्वास. दैनंदिन बोलण्यात दोन्हींची सरमिसळ होते, तरी वजनातला फरक जाणवतो.

मराठी माणसाला हे समजायला ग्रंथ लागत नाही. लग्नात मुलाच्या मामाला फेटा बांधायचा राहिला, मामा रुसून मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसले, तर गेलं ते म्येन्त्स. तेच मामा उद्या पतसंस्थेच्या अपहारात सापडले तर गेलं ते ल्येन. पहिला आपल्याकडे मानपान, दुसरी अब्रू.

इंग्रजी 'फेस'ला हे दोन कप्पे नाहीत. लाच खाऊन तुरुंगात गेलेल्या अधिकाऱ्याबद्दल माझ्या एका विद्यार्थ्याने लिहिलं, 'ही लॉस्ट फेस'. व्याकरण बिनचूक. पण इंग्रजाला ते वाचून वाटेल की साहेब सभेत जरा ओशाळले. तिथे 'डिसग्रेस्ड' हवं. ल्येन गेला तर 'डिसग्रेस', म्येन्त्स गेलं तर 'लूज फेस', एवढा ठोकताळा मी देते आणि तो बहुतेक वेळा चालतो.

३. 'लूज फेस' हा मुळात चिनी वाक्प्रचार आहे, हे खरं का?

खरं आहे. चिनीत 'तिउ ल्येन' म्हणजे चेहरा हरवणं, त्याचं हे शब्दाला शब्द भाषांतर. एकोणिसाव्या शतकात चीनच्या बंदरांत राहणाऱ्या इंग्रजी भाषकांनी ते केलं. छापील पुराव्यात सर्वांत जुनं मानलं जातं ते रॉबर्ट हार्ट यांचं १८७६ सालचं लिखाण. हार्ट हे आयर्लंडहून आलेले आणि चिनी बादशाहीच्या सागरी कस्टम्स खात्याचे प्रमुख. म्हणजे चीनच्या नोकरीत असलेला इंग्रजी लिहिणारा माणूस, शब्द इकडून तिकडे नेण्यासाठी याहून योग्य हमाल मिळणं अवघड.

पुढे आर्थर स्मिथ या अमेरिकन मिशनऱ्याने चिनी स्वभावावरच्या आपल्या पुस्तकात पहिलंच प्रकरण 'फेस'वर लिहिलं आणि शब्द पाश्चात्त्य वाचकांच्या घरात पोचला. आज लंडनचा माणूस 'लूज फेस' म्हणतो तेव्हा चीन त्याच्या डोक्यातही नसतो.

वर्गात हे सांगितलं की विद्यार्थ्यांचे चेहरे खुलतात: हा तर आमचाच शब्द! तिथेच सावध व्हावं लागतं. इंग्रजीने एक फांदी नेली, झाड नेलं नाही. उरलेल्या फांद्याही इंग्रजीत असतीलच असं धरून ते पुढे जातात आणि प्रश्न ५ मधला घोटाळा होतो.

४. मग 'सेव्ह फेस'सुद्धा चिनीच असेल?

नाही. 'लूज' आलं म्हणून 'सेव्ह' घडवलं, तेही त्याच बंदरांतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांनी, एकोणिसावं शतक संपता संपता. चिनीत म्येन्त्स 'राखण्या'चे, 'परत मिळवण्या'चे स्वतःचे प्रयोग आहेत, पण 'सेव्ह फेस' हे त्यातल्या कुठल्या एकाचं भाषांतर नाही. विद्यार्थ्यांना याचा त्रास होत नाही. अर्थ आपसूक कळतो, प्रयोगही बरोबर होतो.

५. विद्यार्थी 'प्लीज गिव्ह मी फेस' असं लिहितो. चूक धरायची का?

कुणाला लिहिलंय ते आधी बघा.

ग्वांगझूच्या एका निर्यात कंपनीतल्या माझ्या विद्यार्थ्याने युरोपातल्या ग्राहकाला जेवणाचं निमंत्रण पाठवलं: 'प्लीज गिव्ह मी फेस अँड कम टु डिनर.' उत्तर आलं, फोटो कशासाठी हवा आहे? बिचारा दोन दिवस हैराण. चिनीत 'केइ म्येन्त्स', म्हणजे म्येन्त्स देणं, हा अगदी रोजचा प्रयोग. तुम्ही माझ्या बोलावण्याला आलात, माझ्या शब्दाखातर किंमत कमी केलीत, चारचौघांत माझं म्हणणं खोडलं नाहीत, म्हणजे मला म्येन्त्स दिलंत. निमंत्रणाच्या भाषेत 'शांग ल्येन' असाही नम्र प्रयोग आहे. आपल्या पत्रिकेतलं 'उपस्थित राहून कार्यास शोभा आणावी' हे त्याचं सख्खं भावंड.

लंडन-न्यूयॉर्कच्या इंग्रजीत 'गिव्ह फेस' या अर्थाने चालत नाही. तिथे 'वुड यू डू मी द ऑनर', किंवा साधं 'आय वुड बी सो प्लीज्ड इफ यू केम'. सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँगच्या इंग्रजीत मात्र 'गिव्ह फेस' सर्रास बोलतात आणि सगळ्यांना कळतं. म्हणून सिंगापूरच्या ऑफिसात काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाक्यावर मी लाल रेघ मारत नाही, फक्त समासात 'फक्त आशियात' असं लिहिते.

आता एक मराठी गाठ. 'गिव्ह फेस'चं शब्दशः मराठी केलं तर 'तोंड देणे'. आणि आपण तोंड कशाला देतो? संकटाला. तेच शब्द, पण अर्थ थेट इंग्रजीतल्या 'टु फेस' या क्रियापदाचा. हे मी एकदा वर्गात सांगितलं तर चेंगडूची एक विद्यार्थिनी म्हणाली, "लाओशी, म्हणजे भारतात संकटांनाही मान देतात?" लाओशी म्हणजे शिक्षक, तिथे नावाऐवजी अशीच हाक मारतात. मला उत्तर सुचलं नाही.

६. 'फेस टु द प्रॉब्लेम' ही चूक कितीही वेळा सुधारली तरी परत येते. का?

कारण चिनी क्रियापद 'म्येन-तुइ' विद्यार्थ्याला दोन तुकड्यांत ऐकू येतं: चेहरा अधिक कडे. इंग्रजीत तो 'कडे' क्रियापदाच्या पोटातच आहे. 'फेस द प्रॉब्लेम', 'फेस द फॅक्ट्स', मध्ये काही नको. त्यात 'फेस अप टु' (नको असलेलं सत्य अखेर स्वीकारणं) आणि 'बी फेस्ड विथ' (आपण न मागता समोर येऊन ठाकणं) हे दोन बरोबर प्रयोग असल्यामुळे गोंधळ वाढतो. विद्यार्थी तिन्हींची भेळ करून 'आय फेस विथ' लिहितो. आपली मुलंही हीच चूक करतात, तेव्हा हसू नये.

दिशेच्या अर्थाने मात्र हे क्रियापद त्यांना फार प्रिय आहे. चीनमध्ये, विशेषतः उत्तरेकडे, घर दक्षिणाभिमुख हवं, थंडीत ऊन आत यावं म्हणून. 'उत्तरेला बसून दक्षिणेकडे तोंड' असा चार अक्षरांचा ठरीव शब्दप्रयोगच आहे. तो जसाच्या तसा उतरवून 'माय फ्लॅट सिट्स नॉर्थ अँड फेसेस साउथ' लिहितात. इंग्रजीला उत्तरार्ध पुरतो: 'फेसेस साउथ'. आपल्याकडे जाहिरातीत 'ईस्ट फेसिंग' छापतात, तीच जात.

७. 'थिक-स्किन्ड' म्हणजे निर्लज्जच ना? माझा विद्यार्थी तसंच सांगतो.

या पानावरचा सगळ्यांत घातक प्रयोग हा.

चिनीत 'ल्येन-फी हौ', म्हणजे चेहऱ्याचं कातडं जाड असणं. अर्थ: लाज नाही, ओशाळत नाही, नको तिथे मागायला पुढे. इंग्रजीत 'थिक-स्किन्ड' म्हणजे टीका, टोमणे मनाला लावून न घेणारा. कातडं दोन्हीकडे जाडच, पण चिनी कातडं आतली लाज बाहेर येऊ देत नाही आणि इंग्रजी कातडं बाहेरचा बाण आत जाऊ देत नाही. म्हणून इंग्रजीत हा बऱ्याचदा गुण ठरतो. 'राजकारणात टिकायचं तर थिक स्किन हवी' असं इंग्रज कौतुकाने म्हणतो. चिनी विद्यार्थ्याच्या कानाला ते 'राजकारणात टिकायचं तर निर्लज्ज हवं' असं ऐकू येतं. तेही खोटं नाही म्हणा.

शांघायच्या एका विद्यार्थिनीच्या वार्षिक मूल्यमापनात तिच्या ब्रिटिश वरिष्ठाने लिहिलं होतं की तिने जरा 'थिकर स्किन' कमवायला हवी. तिने ते पान कॅमेऱ्यासमोर धरलं, बोट त्या दोन शब्दांवर. आवाज कापत होता. साहेबाला म्हणायचं होतं, लोकांचं बोलणं एवढं मनावर घेऊ नकोस. तिने वाचलं होतं, अजून बेशरम हो.

मराठीत आपण नेमके मध्ये आहोत. 'गेंड्याची कातडी' म्हटलं की टीकेचा परिणाम न होणं आणि कोडगेपणा दोन्ही येतं, पण झुकाव चिनी बाजूला. म्हणून मराठी शिक्षकही इथे फसतात. निर्लज्ज म्हणायचं असेल तर इंग्रजीत 'शेमलेस' किंवा, चेहराच हवा असेल तर, 'बेअरफेस्ड'. हा दुसरा मुख्यतः खोटेपणाला लागतो: 'अ बेअरफेस्ड लाय', धडधडीत खोटं.

एक पुरवणी. चिनीत जाड चेहऱ्याचं कौतुक होतं अशी एक जागा आहे आणि ती नेमकी इंग्रजीच्या वर्गात. बोलायला शिकायचं तर चेहरा जाड कर, चुकायला लाजू नकोस, असं तिथले शिक्षक सांगतात. १९९० च्या दशकात 'क्रेझी इंग्लिश' काढणाऱ्या ली यांग यांनी तर मैदानं भरवून लोकांना ओरडून इंग्रजी बोलायला लावलं आणि 'मला तिउ ल्येन आवडतं', म्हणजे फजिती होणं आवडतं, हीच घोषणा केली. चाळिशीतल्या विद्यार्थ्यांना ती अजून आठवते.

८. लाल चेहरा, पांढरा चेहरा, काळा चेहरा: यांचे अर्थ दोन्ही भाषांत जुळतात का?

लाजून लाल होणं जुळतं. बाकी जपून.

चिनी ऑपेरात रंगवलेल्या चेहऱ्यांचे संकेत आहेत. लाल म्हणजे निष्ठावंत, जसा सेनापती क्वान यू. पांढरा म्हणजे कपटी, जसा जुन्या काळातला सत्ताधीश त्साओ त्साओ. काळा म्हणजे कुणाची भीड न ठेवणारा न्यायी, जसा सोंग राजवटीतला न्यायाधीश पाओ चंग. यातूनच बोलीत 'लाल चेहरा गाणं' म्हणजे समजूत घालणाऱ्याची भूमिका घेणं आणि 'पांढरा चेहरा गाणं' म्हणजे रागावणाऱ्याची. आई रागावते, बाबा आइस्क्रीम देतात: आई पांढरी, बाबा लाल. इंग्रजीत याला 'गुड कॉप, बॅड कॉप'. पण विद्यार्थी 'माय हजबंड प्लेज द रेड फेस' लिहितो. इंग्रजीत 'रेड-फेस्ड' म्हणजे शरमलेला, नाहीतर रागाने किंवा दमून लाल झालेला. नवरा मुलांची समजूत काढतोय हे त्यातून कुणालाही कळणार नाही.

'ब्लॅकफेस' हा शब्द तर तोंडातूनच काढू देऊ नका. पाओ चंगचं वर्णन करताना तो हमखास येतो. इंग्रजीत त्याचा अर्थ गोऱ्या नटांनी काळं फासून कृष्णवर्णीयांची केलेली टवाळी, आणि तो शब्द अपमानाच्या इतिहासाने माखलेला आहे. २०१८ मध्ये चिनी सरकारी वाहिनीच्या वसंतोत्सवाच्या कार्यक्रमात एका अभिनेत्रीने असा वेष केला तेव्हा जगभर टीका झाली. 'अ ब्लॅक-पेंटेड मास्क' किंवा 'हिज फेस इज पेंटेड ब्लॅक' असं सरळ सांगावं.

९. विद्यार्थी 'माउथ मास्क' का म्हणतात?

कारण चिनीत तो खरंच तोंडाचा आहे: 'खोउ-चाओ', तोंड झाकणारं. 'म्येन-मो' म्हणजे रात्री चेहऱ्यावर चिकटवायचा सौंदर्यप्रसाधनाचा ओला कागद. 'म्येन-च्यू' म्हणजे सोंगाचा मुखवटा. चिनीत तीन स्वतंत्र शब्द, इंग्रजीत तिन्हींना 'मास्क'. त्यात 'फेस मास्क' म्हटलं तर पहिला की दुसरा हे संदर्भानेच कळतं. उपाय सोपा: 'आय वेअर अ मास्क' दवाखान्यात, 'आय डू अ फेस मास्क' झोपण्याआधी. लाक्षणिक 'मास्क' (खरा भाव लपवणं) दोन्हीकडे जुळतो.

१०. लाँग फेस, स्ट्रेट फेस, पोकर फेस, टू-फेस्ड: यांतले सोपे कोणते?

'टू-फेस्ड' लगेच बसतो. चिनीत 'दोन चेहऱ्यांचा गट' असा शब्द आहे, आपल्याकडे दुतोंडी. 'पोकर फेस' चिनीने इंग्रजीकडूनच उचलला आहे. 'स्ट्रेट फेस' म्हणजे हसू दाबणं, हे एकदा करून दाखवलं की झालं. 'लाँग फेस' म्हणजे उतरलेला चेहरा, हे मात्र सांगावं लागतं, नाहीतर ते घोड्याच्या अंगाने जातात. 'फॉल फ्लॅट ऑन वन्स फेस' मराठी शिक्षकाला आयतंच मिळतं: तोंडघशी पडणे, पायऱ्यांवरही आणि निवडणुकीतही.

११. 'फेस द म्युझिक' कसं समजवायचं? सगळ्यांना मैफल आठवते.

आठवू द्या. व्युत्पत्तीच्या सुरस कथा सांगत बसू नका, त्यातली एकही पक्की नाही. एकच प्रसंग द्या: मुलाने बॉल मारून शेजाऱ्यांची काच फोडली, पळून न जाता तो दारात उभा राहिला. केल्याचे परिणाम भोगायला समोर जाणं. व्याकरण प्रश्न ६ प्रमाणे, मध्ये 'टु' नको.

१२. 'फेस व्हॅल्यू'चे दोन अर्थ कसे वेगळे करायचे?

नाणं, नोट, शेअर यांच्यावर छापलेली किंमत, म्हणजे आपलं दर्शनी मूल्य, याला चिनीत 'म्येन-चर' असा हुबेहूब शब्द आहे. त्यामुळे अर्थशास्त्राच्या पानावर विद्यार्थी अडत नाही. 'टेक समथिंग अॅट फेस व्हॅल्यू', म्हणजे वरवर दिसतं तेच खरं धरून चालणं, इथे चिनी शब्द साथ सोडतो. मी शंभर युआनची नोट दाखवते: छापलंय शंभर, पण नोट खोटी असली तर? मग म्हणते, बोलण्याचंही तसंच. 'ऑन द फेस ऑफ इट' याच घरातलं: वरकरणी पाहता, आणि पुढे 'पण' येणार हे नक्की.

१३. 'टु माय फेस' आणि 'इन माय फेस' यांत फरक आहे का?

मोठा. 'ही सेड इट टु माय फेस' म्हणजे पाठीमागे न बोलता तोंडावर सांगितलं, यात थोडं कौतुकही असू शकतं. 'इन माय फेस' म्हणजे अंगावर आला. 'ही लाफ्ड इन माय फेस', तोंडावर हसला, अपमान केला. आणि 'इन-युअर-फेस' हे विशेषण झालं की आक्रमक, भडक: जाहिरात, गाणं, माणूस. चिनीत 'तांग म्येन' हा एकच प्रयोग, समक्ष या अर्थाचा, त्यात आक्रमकता नाही. म्हणून विद्यार्थी निर्मळ मनाने लिहितो, 'आय वॉन्ट टु थँक यू इन युअर फेस'. तिथे 'इन पर्सन' हवं.

१४. 'म्येन' म्हणजे नूडल्स ना? मग चेहरा कुठून आला?

दोन वेगळे शब्द, उच्चार एक. पूर्वी चित्राक्षरंही वेगळी होती. १९५० च्या दशकात चीनमध्ये अक्षरं सोपी केली तेव्हा पिठाचं किचकट अक्षर काढून चेहऱ्याचं सोपं अक्षर दोघांना दिलं. तैवान आणि हाँगकाँगमध्ये अजून वेगळी आहेत. भाषांतराची मशीन कधी कधी गडबडते आणि मेनूवर 'बीफ फेस' छापून येतं. खायला हरकत नाही.

१५. 'आय ब्रश्ड माय फेस अँड वेंट इन' याचा अर्थ काय?

दात घासल्यासारखा चेहरा घासला, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. 'श्वा' म्हणजे ब्रशने घासणं. कार्ड मशीनवर घासतात म्हणून कार्ड स्वाइप करणंही 'श्वा'. आणि आता कॅमेऱ्याला चेहरा दाखवून दार उघडणं, पैसे भरणं, हे 'श्वा ल्येन'. २०१७ मध्ये हांगझोउच्या एका केएफसीत चेहरा दाखवून पैसे भरायची सोय झाली, तेव्हापासून शब्द घरोघरी गेला. इंग्रजीत 'फेस स्कॅन' म्हणा किंवा 'पे बाय फेस'.

पण 'श्वा ल्येन'ला लाक्षणिक अर्थही आहे: ओळखीच्या, वजनाच्या जोरावर काम करून घेणं. हॉटेल भरलेलं, पण मालक ओळखीचा, मिळालं टेबल. म्हणजे चेहरा घासला. तेव्हा संदर्भ विचारा: मशीनपुढे की मालकापुढे? दुसऱ्यासाठी इंग्रजीत 'आय पुल्ड सम स्ट्रिंग्ज'. आपण म्हणतो वशिला लावला, वट वापरली.

१६. शिक्षक म्हणून विद्यार्थ्याचं 'म्येन्त्स' कसं जपायचं?

मी ते घालवून शिकले. सुरुवातीला पाच जणांचा एक वर्ग होता. त्यात पंचेचाळिशीचे एक अभियंता गृहस्थ 'फेस टु' म्हणायचे. एका तासात तीनदा सगळ्यांसमोर सुधारलं, तिसऱ्यांदा हसतसुद्धा. आपल्याकडे मास्तर हसले तर विद्यार्थीही हसतो. त्यांनी कॅमेरा बंद केला. पुढच्या आठवड्यात आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. नंतर कळलं, त्या वर्गात त्यांच्याच ऑफिसातली एक कनिष्ठ मुलगी होती. ल्येन गेला नव्हता, प्रश्न २ च्या भाषेत फेटा बांधायचा राहिला होता. पण मामा परत आले नाहीत.

आता वर्गात चूक आली तर मी तेच वाक्य बरोबर रूपात सहज परत बोलते आणि पुढे जाते. लेखी दुरुस्ती ज्याची त्याला खासगीत. वयाने, हुद्द्याने मोठ्या माणसाला आधी तयारीला वेळ मिळेल असा प्रश्न देते. एवढं पुरतं.

१७. 'चिनी लोक फेसला फार जपतात' हे गोऱ्यांनी उभं केलेलं चित्र नाही का?

काही अंशी आहे. स्मिथसारख्यांनी ते गूढ, नाटकी करून मांडलं. चिनी लेखक लू श्यून यांनी १९३४ मध्ये याच विषयावर लेख लिहिला तेव्हा त्यांची टर दोन्ही बाजूंना होती: चीनचं कुलूप उघडणारी किल्ली सापडल्यासारखं 'फेस' घेऊन फिरणारे परदेशी, आणि तोंडाने म्येन्त्स म्हणत काहीही खपवणारे आपलेच लोक.

पुढे गंमत झाली. १९५५ साली समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी चिनी 'फेस'वरचं लिखाण आधाराला घेत दाखवलं की चारचौघांत वावरणारा प्रत्येक माणूस स्वतःचा आणि समोरच्याचाही 'फेस' सांभाळत असतो. त्यावरून पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी सौजन्याच्या भाषेचा सिद्धांत उभारला, इंग्रजी, मेक्सिकोतली त्झेल्ताल आणि आपल्या शेजारची तमिळ यांच्या उदाहरणांवर. तेव्हा 'हे चिन्यांचं खूळ' असं म्हणण्याआधी आपण 'नाक कापलं' कधी म्हणतो ते आठवावं. आपली अब्रू नाकात आहे, त्यांची पूर्ण चेहऱ्यात.

१८. मराठी, चिनी आणि इंग्रजी, तिन्हींत जसाच्या तसा जुळणारा एखादा प्रयोग आहे का?

एक जवळपास आहे. चिनीत 'मेइ ल्येन च्येन रन': माणसांना भेटायला चेहरा उरला नाही. मराठीत 'तोंड दाखवायला जागा उरली नाही'. इंग्रजीत 'आय कान्ट शो माय फेस'. अर्थ तोच, वजनही साधारण तेवढंच. इंग्रजीत मात्र पुढे जागा सांगायची पद्धत आहे: 'इन द ऑफिस', 'अॅट होम'. मराठी आणि चिनीत जागा सांगत नाहीत, कारण तोंड एकदम सगळ्यांपासूनच लपवायचं असतं.

प्रश्न ७ मधल्या शांघायच्या विद्यार्थिनीला मी हे वाक्य गृहपाठाला दिलं होतं. तिने लिहून पाठवलं: 'आफ्टर आय मिसअंडरस्टुड माय बॉस, आय कुड नॉट शो माय फेस इन द ऑफिस फॉर वन डे. देन आय ग्रू थिकर स्किन.' मी त्यात काही दुरुस्त केलं नाही.